पुतळा चौकातच हवा?
आमच्या सोलापुरातला पुतळा चौकाच्या मधोमध आहे म्हणून त्याला मान आहे, हलवला तर अवमान होईल, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. मान द्यायला तिथवर पोचता तरी यायला हवं! जयंतीला आमच्या पेठेतल्या एक आजी हार घेऊन कितीतरी वेळ रस्त्याकडेला उभ्या होत्या; रिक्षा आणि उसाच्या ट्रॉल्या थांबेनात. शेवटी एका पोरानं धावत जाऊन हार कठड्याला अडकवला.

शिवाय सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजीच राज्यांना दिलाय. मग शहराच्या जुळे सोलापूर भागात नवा पुतळा हवा असेल, तर त्यालाही चौकच कशाला मागायचा? भुईकोट किल्ल्यालगतच्या बागेसारखी जागा मागा, पोरांना निवांत उभं राहून पायथ्याचा मजकूर वाचता येईल अशी.