घड्याळात ढीगभर डेटा आहे, पण टाइम हलत नाही. नक्की काय बघायचं?

मखमलाबाद_एक्स्प्रेस:
मंडळी नमस्कार. गोव्याची हाफ आयर्नमॅन डोक्यात आहे (१.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ रनिंग). नाशिकला सातपूरमध्ये शिफ्ट ड्युटी, त्यामुळे जे काय होतं ते पहाटे नाहीतर रविवारी. घड्याळ घेतल्यापासून सगळं रेकॉर्ड होतंय, हार्ट रेट, केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं), झोप, आणि ॲपमधला फिटनेसचा ग्राफ मस्त वर चाललाय, पण १० किमीचा टाइम आहे तिथेच आहे राव. रोजचं रनिंग १५५-१६२ हार्ट रेटला होतं, त्र्यंबक रोडची सायकलही जवळपास तशीच दामटवतो. रविवारी दोन तास पळालो, पेस (वेग) तोच ठेवला तर पहिल्या तासाचा ॲव्हरेज १४८ आणि दुसऱ्याचा १६४. एवढ्या आकड्यांतून बघायचं काय?

पांडवलेणी_रिपीट:
उत्तर तूच लिहिलंयस की भाऊ. रोज १५५-१६२ म्हणजे ना धड सोपं ना धड कठीण, रोज थकायला होतं आणि ज्या दिवशी खरंच जोर लावायचा त्या दिवशी पायात काही उरत नाही. आणि तो फिटनेसचा ग्राफ वेग दाखवतच नाही, बहुतेक ॲपमध्ये ती साधारण ४२ दिवसांच्या ट्रेनिंग लोडची (व्यायामाच्या ताणाची) सरासरी असते, नुसतं जास्त पळालास तरी वर जाणार. रविवारचा आकडा मात्र कामाचा आहे, त्याच पेसला हार्ट रेट १४८ चा १६४ म्हणजे साधारण ११ टक्के वाढ, ती ५ च्या आत आली की बेस (दमाचा पाया) बरा झाला समजायचं. आधी टेस्ट कर: वॉर्मअप करून ३० मिनिटं एकट्याने जीव तोडून पळ, शेवटच्या २० मिनिटांचा ॲव्हरेज हार्ट रेट म्हणजे तुझा थ्रेशोल्ड (बराच वेळ टिकेल अशा जोराची वरची हद्द). समज १६८ आला तर सोपं रनिंग १४३ ते १५० मध्ये. सुरुवातीला चालावं लागेल, लाज वाटेल, लोक ओव्हरटेक करतील, करू देत.

चेस्टस्ट्रॅप_वाले_काका:
थांबा जरा. १६० हा त्याचा हार्ट रेट आहे की पावलं? मनगटावरचा सेन्सर पळताना बऱ्याचदा पावलांचा ठेका पकडतो, खासकरून थंडीत आणि पट्टा सैल असला तर. ॲपमध्ये हार्ट रेट आणि केडन्सच्या रेघा एकावर एक टाकून बघ, चिकटून चालल्या असतील तर तो डेटा सोडून दे. टेस्टला छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टाच वापर, पाणी लावून घाल. आणि एप्रिलच्या रनची डिसेंबरच्या रनशी तुलना करू नकोस, उन्हात हार्ट रेट चढणारच. पळायच्या आधी आणि नंतर घाम पुसून वजन कर, १ किलो उतरलं म्हणजे जवळपास १ लिटर पाणी गेलं.

मखमलाबाद_एक्स्प्रेस:
काका, आत्ताच बघितलं!! पहिली दहा-बारा मिनिटं दोन्ही रेघा चिकटलेल्या आहेत, नंतर सुटतात. मग रविवारचं काय धरायचं? आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात सकाळचा रेस्टिंग हार्ट रेट कायम जास्त दिसतो, तेव्हा पण आरामच करायचा का?

पांडवलेणी_रिपीट:
पहिली पंधरा मिनिटं कापून पुन्हा हिशोब कर. नाइटचा आठवडा मागच्या नाइटच्या आठवड्याशीच ताडून बघ, दिवसपाळीशी नाही. नेहमीच्या नाइटपेक्षाही जास्त असेल आणि झोप पण झाली नसेल तर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं पळणं) पुढे ढकल.

तलावातली_ताई:
पोहण्याबद्दल कुणी बोलतच नाही, नेहमीसारखं 😄 पाण्यात मनगटाच्या हार्ट रेटवर फारसा भरवसा नको, घड्याळ बघ. ४०० मीटर जोरात, नीट दम घेऊन २०० मीटर जोरात. समज ४०० ला ९:२० आणि २०० ला ४:२० लागले, तर फरक ५ मिनिटं, म्हणजे १०० मीटरला २:३० हा तुझा टिकणारा पेस. त्याने १.९ किमीला साडेसत्तेचाळीस मिनिटं, समुद्रात थोडं जास्तच धर. आणि तलाव २५ चा की ५० चा ते सेटिंग आधी तपास, नाहीतर घरी जाऊन वर्ल्ड रेकॉर्ड सापडतो.

मखमलाबाद_एक्स्प्रेस:
ताई 🙏 नोट केलं. आता ती ३० मिनिटांची टेस्ट नाशकात कुठे करू? त्र्यंबक रोडला चढ-उतार आणि गाड्या.

चेस्टस्ट्रॅप_वाले_काका:
गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक. साडेपाचच्या आत पोच, नंतर आमच्याच वयाचे लोक चौघे-चौघे ओळीत चालतात आणि हाक मारली तरी सरकत नाहीत. माझ्याकडे एक जादा पट्टा पडून आहे, शनिवारी घेऊन येतो.

मखमलाबाद_एक्स्प्रेस:
शनिवारी नाइट संपवून येईन काका, रविवार चालेल का?

पांडवलेणी_रिपीट:
रविवारच ठेवा. नाइट करून टेस्ट देऊ नकोस बाबा, थ्रेशोल्ड भलताच येईल.