पुन्हा: पुन्हा: तातडीचं – हॉलच्या फॉर्ममधला ७ नंबरचा रकाना

प्रेषक: मकरंद (हॉल व परवानग्या)
सोमवार, रात्री १०.४२

मंडळी,
आपल्या गणपतीसाठीच्या हॉलचा फॉर्म परत आला. बाकी सगळं पास, फक्त ७ नंबर लाल करून पाठवलाय. ‘उंचीवर काम करणाऱ्याचं नाव, कोणत्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य, सदस्यत्व क्रमांक, सक्षमता-चाचणीची तारीख.’ मी दरवर्षीसारखं ‘आमचे स्वयंसेवक’ लिहिलं होतं. यंदा चालणार नाही म्हणे. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यात शिरत नाही.

मखरामागच्या पडद्याचा पाइप साडेपाच मीटरवर. त्यांचा चाकांचा अ‍ॅल्युमिनियम टॉवर, म्हणजे सुटी परांची, वापरू देतील, पण कार्डवाला माणूस आपण आणायचा. गुरुवारी ५ पर्यंत नाव द्यायचंय. कुणाकडे आहे कार्ड?


प्रेषक: संदेश
सोमवार, रात्री ११.०५

माझ्याकडे आयपॅफचं आहे, माणसाला वर उचलणाऱ्या यंत्रांचं, ३ए. वेअरहाउसनं काढून दिलेलं, अजून दोन वर्षं चालेल. टाक माझं नाव. फक्त शनिवारी सकाळी मुलीचं पोहणं असतं, ११ नंतर येईन.


प्रेषक: अनघा
मंगळवार, सकाळी ७.२०

संदेश, नाही चालणार रे. ३ए म्हणजे सिझर लिफ्ट, सरळ वर जाणारी. लांब हाताच्या बूमसाठी ३बी वेगळं. आणि इथे लिफ्टच नाहीये, टॉवर आहे. त्याला पास्माचं कार्ड लागतं. दोन्ही कार्डं पाच-पाच वर्षं चालतात, दोन्हींवर फोटो असतो, म्हणून लोकांना सारखीच वाटतात. आमच्या साइटवर असे रोज दोघं-तिघं गेटवरून परत जातात. रिक्षाच्या बॅजवर एसटी चालवायला निघाल्यासारखं आहे ते.

मकरंद, फॉर्म लिहिणाऱ्यानं ‘सदस्य’ आणि ‘कार्डधारक’ यांची खिचडी केलीय. त्याला विचार नक्की काय हवंय.


प्रेषक: देशपांडे काका
मंगळवार, सकाळी ९.१५

चि. मकरंद,
सदस्यत्वच हवे असेल तर एवढा घोळ कशाला? मी १९८८ पासून इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा सदस्य आहे, वर्गणी आजवर चुकलेली नाही. क्रमांक तुला फोनवर देतो. पाटबंधारे खात्यात असताना बांबूच्या परांचीवर चढून मी काँक्रीट तपासलेले आहे. काथ्याने बांधलेली परांची, खाली नदी. तेव्हा कोणी कार्ड विचारले नाही.

जाता जाता : माझी शिडी गेल्या गणपतीपासून मंडळाकडे आहे. हा तिसरा मेल.


प्रेषक: अनघा
मंगळवार, सकाळी ९.४८

काका, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण तुमचं सदस्यत्व सांगतं की तुम्हाला पूल बांधता येतो. टॉवरचा कठडा कोणत्या क्रमानं लावायचा, त्याच्याशी याचा संबंध नाही. तुमच्या सदस्यत्वावर सीएससीएसचं, म्हणजे बांधकाम साइटवर जायचं, कार्ड मिळेल, साइटवर फिरताही येईल, पण टॉवर उभा करता येणार नाही. आणि काका, तुमचा गुडघा?


प्रेषक: शैला (आरास)
मंगळवार, दुपारी १.३०

मला एक कळत नाही, हे सगळं आरास समितीला सीसी न करता कसं ठरतंय? पडदा नऊवारी साड्या जोडून केलाय, सोळा फूट उंच. माझ्या घरी जिन्यावरून खाली सोडून शिवलाय. कुणीतरी मला खाजगीत ‘पडदा खाली आणा’ असं सुचवलं. खाली आणला तर मखराच्या मागे हॉलचा बास्केटबॉलचा बोर्ड दिसतो. बाप्पाच्या डोक्यावर बास्केट. दोन वर्षांपूर्वीचे फोटो बघा.

शिवाय मोदकांचे आकडे अजून कुणी कळवलेले नाहीत.


प्रेषक: नितीन
मंगळवार, दुपारी २.१०

काय हे, साडेपाच मीटरसाठी कार्ड! ठाण्यात आम्ही सात थर लावायचो, पायात चप्पल नाही, कमरेला दोरी नाही. चार थर लावू आणि वरच्याच्या हातात पडदा देऊ. 😀


प्रेषक: सुहास
मंगळवार, दुपारी ३.३०

नितीन, त्यालाही नियम आले बाबा. २०१४ साली मुंबई हायकोर्टानं २० फुटांची मर्यादा घातली, २०१६ साली सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, २०१७ साली उंचीची अट गेली पण १४ वर्षांखालच्या पोरांना बंदी राहिली. आमच्या चाळीतला सगळ्यात वर चढणारा पोरगा नऊ वर्षांचा होता. आता तो पुण्यात बँकेत आहे, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहत नाही.


प्रेषक: दीपक (अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड)
मंगळवार, रात्री ११.५०

सगळ्यांना नमस्कार. मी आज किनाऱ्यावर आलो, मेल एकदम वाचले. मकरंदनं वेगळा मेल करून ‘तू तर दोरावरचाच माणूस, तुझं नाव टाकतो’ असं लिहिलंय. कृपया टाकू नको. का ते सांगतो, लांबेल.

एक. इराटा ही दोराला लटकून करायच्या कामाची संघटना. मी तिचा ‘सदस्य’ नाही. कुणीच टेक्निशियन नसतो. इराटाच्या सदस्य असतात त्या कंपन्या. आमच्याकडे असतं लेव्हलचं सर्टिफिकेट आणि लॉगबुक. म्हणजे सदस्यत्व क्रमांकाच्या रकान्यात माझा नंबर घातला तर ते खोटं होईल.

दोन. मी लेव्हल टू आहे. लेव्हल टूला दोरावरचं काम एकट्यानं करता येत नाही, साइटवर लेव्हल थ्रीचा सुपरवायझर लागतोच. तुमच्या हॉलमध्ये तो कोण? शैलावहिनी?

तीन, आणि हे महत्त्वाचं. मी टॉवरवर कधी काम केलेलं नाही. मला दोन दोर द्या, मी जहाजाच्या पोटाखालून उलटा जाईन. चाकांच्या टॉवरचे ब्रेक कुठे असतात ते मला ठाऊक नाही. उंचीची भीती नसणं आणि काम येणं यात फरक आहे. भीती नसलेला माणूस जास्त धोकादायक, हे मी आमच्या सुपरवायझरकडून शिकलो.

काकांनी परांचीचं लिहिलं, ते वाचून माझी पहिली चाचणी आठवली. चार दिवस ट्रेनिंग, पाचव्या दिवशी मूल्यमापन. तपासणारा असेसर ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीचा नसतो, बाहेरून येतो. तुमच्या मास्तरांचं तुमच्यावर कितीही प्रेम असो, पास करणं त्यांच्या हातात नाही. माझे दोन दिवस उत्तम गेले होते, मी वर लटकून गाणं म्हणत होतो. परीक्षेत एका दोरावरून दुसऱ्या दोरावर जाताना घाई केली आणि तीन-चार सेकंद फक्त एकाच दोराला अडकलेला राहिलो. कायम दोन, हा आमचा पहिला धडा. तो दोर तुटला नाही, मी पडलो नाही, काहीच झालं नाही. असेसरनं खालून फक्त वहीत काहीतरी लिहिलं. तिथेच नापास. फी गेली, आणि आईला फोनवर सांगितलं की पुढे ढकलली.

दुसऱ्यांदा पास झालो. लेव्हल टूला एक वर्ष आणि १००० तास लागतात, प्रत्येक तास लॉगबुकात, सुपरवायझरच्या सहीनिशी. आणि हे सगळं तीन वर्षांनी संपतं, पुन्हा चाचणी. मध्ये सहा महिने दोराला हात लागला नाही तर रिफ्रेशर.

म्हणून म्हणतो, फॉर्ममध्ये कुणाचंही कुठलंही कार्ड खुपसू नका.


प्रेषक: नितीन
बुधवार, सकाळी ८.०५

दीपक, गाणं कोणतं?


प्रेषक: अनघा
बुधवार, सकाळी ८.४०

दीपकला दुजोरा. इथे ब्रिटनमध्ये २००५ चे वर्क अ‍ॅट हाइट, म्हणजे उंचीवरच्या कामाचे, नियम आहेत, त्यातला पाचवा बघा: जो सक्षम नाही त्यानं हे काम करायचं नाही. फक्त चढणारा नव्हे. आखणारा आणि देखरेख करणाराही त्यात येतो. शिकाऊ असेल तर सक्षम माणसाच्या नजरेखाली. ‘दोन मीटरच्या खाली काही नाही’ हे जुनं, ते तेव्हाच गेलं. पडून इजा होईल अशी कुठलीही उंची.

आपण मंडळ, आपल्याकडे पगारी कुणी नाही, तेव्हा हा नियम आपल्याला थेट किती लागतो यावर इथे वाद घालता येईल. पण हॉल त्यांचा, नोकर त्यांचे, जबाबदारी त्यांची. ते विचारणारच. २०२३-२४ मध्ये या देशात कामावर १३८ माणसं गेली, त्यातली ५० उंचीवरून पडून.

पास्माचा टॉवर कोर्स एक दिवसाचा असतो. मंडळानं दोघांना पाठवावं, दरवर्षीचा प्रश्न सुटेल. पण काल कोर्स केलेल्याला आज वर चढवू नका, पहिल्या वेळी जाणता कुणीतरी हवा. आणि त्याआधीचा प्रश्न, जो नियमही उपायांच्या आधी विचारायला लावतात: वर जायलाच हवं का?


प्रेषक: प्रशांत (खजिनदार)
बुधवार, सकाळी १०.००

कोर्सला माझी हरकत नाही, पण फी कुठून? डेकोरेशनच्या हेडखाली फक्त फुलं आणि एलईडी आहेत. सर्वसाधारण सभेत मंजुरी घ्यावी लागेल. आणि ज्यांना पाठवू ते पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी राहायला गेले तर? याआधी ढोलाच्या बाबतीत आपण हे भोगलंय.


प्रेषक: शैला (आरास)
बुधवार, सकाळी १०.३०

ढोलाचा इथे काय संबंध?


प्रेषक: संदेश
बुधवार, दुपारी १२.१५

मला पाठवा ना पास्माला. पोहणं शनिवारी, कोर्स मधल्या वारी असतो. आणि गेल्या वर्षी वर चढलेला मीच होतो, हे कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होतो, एका हातात स्टेपलर, दुसऱ्या हातात तोरण. धरायला हातच नव्हता. मनगटाचं प्लास्टर नवरात्रापर्यंत होतं. शिडी चांगली होती काका, माणूस चुकला.


प्रेषक: मकरंद (हॉल व परवानग्या)
गुरुवार, दुपारी ३.२५

शेवटचं. मी फॉर्म बाजूला ठेवून हॉलच्या केअरटेकरला सरळ फोन केला. तो पाइप दोन साखळ्यांवर आहे. त्यांचा माणूस टॉवरवर चढून साखळ्या सोडतो, पाइप खाली येतो, आपण जमिनीवर पडदा बांधायचा, तो परत वर चढवतो. दोन तासांचे पैसे घेतील. सहा वर्षं आपण हे विचारलंच नव्हतं.

७ नंबरमध्ये ‘हॉलचे कर्मचारी’ लिहिलं. हिरवा झाला.

पण त्यांचा माणूस फक्त शुक्रवारी ४ ते ६ आहे. शैलावहिनी, पडदा तोपर्यंत इस्त्री होऊन हवा. उचलायला चौघं लागतील. संदेश, तू खाली उभा राहा.

प्रशांत, दोन तासांचे पैसे एलईडीतून घे.


प्रेषक: शैला (आरास)
गुरुवार, दुपारी ३.४०

शुक्रवारी ४ ला माझं ऑफिस असतं. हे मला विचारून ठरवलं का?


प्रेषक: देशपांडे काका
गुरुवार, दुपारी ४.१०

म्हणजे आता शिडीची गरज नाही. मग ती शुक्रवारीच माझ्या गॅरेजमध्ये पोचवावी. बाजूचा दरवाजा उघडा ठेवतो.