हेराल्ड अखेर दारात आली, पण चालवायला हात धजावत नाही

गोदाकाठ:

नमस्कार. ज्या गाडीची मी जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहिली, ती १९६७ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पुण्याहून ट्रकवर चढवून नाशिकला आणली. आता ती गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी स्कूटर ठेवत असू त्या जागी, मोठ्या मुश्किलीने मावून उभी आहे. तिच्याविषयी काही प्रश्न विचारायचे आहेत. परंतु त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून माझी अडचण ध्यानात येणार नाही.

माझे लहानपण पंचवटीत गेले. आमच्या वाड्यासमोर एका डॉक्टरांची हेराल्ड उभी राहत असे. त्या काळी रस्त्यावर दिसायच्या त्या अँबेसिडर आणि फियाट, आणि त्यांचे बॉनेट पेटीच्या झाकणासारखे वर उचलले जाई. हेराल्डचा मात्र पुढचा सगळाच भाग, मडगार्ड आणि दिवे यांच्यासकट, पुढच्या बाजूला कलंडत असे आणि आतले इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडत असे. डॉक्टरसाहेब रविवारी सकाळी पुढच्या टायरवर चक्क पाटावर बसल्यासारखे बसून प्लग साफ करीत, आणि आम्ही पोरे भोवती उभी राहून कोणते हत्यार लागेल ते आधीच हातात धरून ठेवत असू. पुढे मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे काढली. यंत्राची गोडी मला तिथे लागली असे लोक समजतात, पण ती लागली त्या टायरशेजारी.

गाडी घेण्याचा योग दोनदा येऊन हुकला. एकदा घराच्या हप्त्यांमुळे, आणि दुसऱ्यांदा मालेगावजवळच्या एका मळ्यात गाडी असल्याचे कळल्यावर मी पोहोचलो, तेव्हा ती आठ दिवसांपूर्वीच भंगारात गेली होती. गोठ्याच्या कडेला तिची एक हबकॅप पडलेली होती. ती मी मागून आणली आणि बावीस वर्षे कपाटात ठेवली. आज ती माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर आहे.

असे असताना घडले ते वेगळेच. गाडी आल्यापासून रात्री जेवण झाल्यावर मी खाली जातो, दार उघडून आत बसतो, रेक्झिन आणि पेट्रोल यांचा मिश्र वास घेतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि अर्ध्या तासाने वर येतो. तीन महिन्यांत ती एकूण ३८ किलोमीटर चालली, तीही पहाटे सोमेश्वरपर्यंत जाऊन येण्यापुरती. काही मोडेल, कोणी घासून जाईल, रस्त्यात बंद पडेल, या धास्तीने किल्ली फिरवताना छातीत धडधडते. पत्नीने परवा विचारले, "तुम्ही गाडी घेतली आहे की मूर्ती बसवली आहे?" तिला उत्तर देता आले नाही.

प्रश्न असे आहेत. गाडी सध्या लाल आहे, पण दाराचे रबर काढले तेव्हा आत फिकट निळा रंग दिसला, म्हणजे मूळची ती निळी असावी. मग ती पूर्ण खरवडून निळी करावी का? उन्हाळ्यात कसारा घाट चढून येण्याच्या लायकीची ती होईल का? आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या त्या विशेष नोंदणीचा मार्ग धरावा का?

अर्धा_इंची_पाना:

अभिनंदन, काका. हबकॅपचा मजकूर वाचून फार बरे वाटले. आता जरा कडू बोलतो. रंगाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण तो शेवटचा आहे. तुम्ही त्या गाडीखाली शिरला आहात का?

हेराल्डची गोष्ट फियाटपेक्षा निराळी आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने ती १९५९ साली आणली. आराखडा मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराचा. जी कंपनी त्यांना बॉडी बनवून देत असे, ती प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात गेली होती, म्हणून बॉडी तुकड्यातुकड्यांत बनवून वेगळ्या चासीवर बोल्टने जोडण्याचा मार्ग त्यांना पत्करावा लागला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून तीच गाडी ९४८ सीसीच्या इंजिनासह येथे बनवली. या रचनेचा फायदा असा की, सडलेला भाग सोडवून दुरुस्त करता येतो. तोटा असा की, प्रत्येक जोडातून पाणी झिरपते आणि चासीला बाजूने फुटलेले जे हात बॉडी पेलतात ते आतून सडतात. वरून चकचकीत रंग आणि खाली लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून लपवलेला सडका पत्रा, अशा गाड्या मी डझनाने पाहिल्या आहेत. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथे तो धरणार नाही तिथे खाली लांबी आहे असे समजा.

दुसरी गोष्ट, आणि कृपा करून ही उद्याच पाहा. पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला कांस्याच्या एका घरात आट्यांवर फिरतो, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नव्हे, गिअरचे घट्ट तेल, म्हणजे ईपी ९० भरायचे असते. आपल्याकडचे कारागीर ग्रीसगन दिसली की सगळीकडे सारखीच मारतात. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तिथे पाणी साचते, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी गाडी उभी करताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की तुटतो. चाक अंग टाकते आणि गाडी नाकावर बसते. तुमच्या धडधडणाऱ्या छातीला खरे भय या एका ठिकाणी आहे. बाकीचे मनाचे खेळ आहेत.

मागच्या चाकांना मात्र घाबरू नका. जॅक लावून गाडी उचलली की मागची चाके आत दुमडतात आणि खाली उतरवल्यावरही काही वेळ वाकडीच दिसतात. तो बिघाड नसून त्या स्विंग ॲक्सलचा, म्हणजे प्रत्येक चाकाबरोबर वरखाली झुलणाऱ्या अर्ध्या ॲक्सलचा, स्वभाव आहे. चार पावले पुढेमागे ढकलली की ती सरळ होतात. आपल्या गिऱ्हाइकांचा आणि मिस्त्र्यांचा त्या ॲक्सलवर कधी विश्वास बसला नाही, म्हणूनच पुढे कंपनीने गॅझेल काढली तेव्हा तिला साधा सरळ ॲक्सल दिला. एवढेच सांभाळा की, वेगात वळण घेताना मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलू नये.

हत्यारे इंची वापरा. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने असले की निम्मी गाडी उघडते. मिलिमीटरचे पाने मारून बोल्टचे कोपरे गोल केलेले दिसले, तर आधीचा मिस्त्री कोण होता ते न विचारताच कळते. बॅटरी बसवण्यापूर्वी तिचे कोणते टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले, म्हणजे 'अर्थ' केलेले आहे, ते तपासा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेले असे, आणि काहींत ते नंतर कोणीतरी बदललेले असते.

पेट्रोलचेही सांगतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा मऊ करून फाडते, आणि हवेतले पाणी ओढून टाकीला आतून गंज चढवते. नळ्या व्हिटॉनच्या, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या, घाला, पंपाला नवा पडदा बसवा आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका. शिसेयुक्त पेट्रोल तर २००० सालीच बंद झाले. हेड कधी उघडलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्या. केवळ तेवढ्यासाठी हेड उघडू मात्र नका.

शेवटचे. तीन महिन्यांत ३८ किलोमीटर हे गाडीला जपणे नव्हे. उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर चिकटतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा जमतो, ठिणगीच्या पॉइंटवर गंजासारखा थर चढतो. दर रविवारी किमान वीस किलोमीटर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, ती चाललीच पाहिजे.

कागदपत्री:

नोंदणीपुरते लिहितो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येते.

परंतु हे ध्यानात घ्यावे की, अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. दर रविवारी सोमेश्वरला जायचे असेल, तर साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी आणि किमान तृतीय पक्ष विमा हाच मार्ग सोयीचा आहे. आपली गाडी पुण्याची असल्याने तेथील ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती नाशिकच्या कार्यालयात वर्ग करावी लागेल. राज्य तेच असल्यामुळे जुना क्रमांक कायम राहतो. जुन्या हस्तलिखित नोंदी अनेकदा 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेल्या नसतात, म्हणून मूळ आरसी पुस्तक कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा क्रमांकाची पाटी (एचएसआरपी) सक्तीची आहे. हाताने रंगवलेली जुनी पाटी फेकू नये, एवढी वैयक्तिक विनंती.

देवळालीची_लेक:

माझ्या वडिलांकडे चार दारांची हेराल्ड होती. ती चार दारांची आवृत्ती इंग्लंडमध्ये कधी निघालीच नाही, ती आपल्याकडचीच, हे मला अगदी अलीकडे समजले. वडील देवळाली कॅम्पहून आम्हाला शाळेला सोडत, आणि सराफ बाजारात आईला घेऊन गेले की त्या अरुंद बोळात गाडी एका दमात वळवून दाखवत. साधारण २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते. टांगेवाले थांबून बघत असत.

रंगाविषयी माझे मत वेगळे आहे. लाल रंगही कोणीतरी हौसेने दिला असेल, तोही आता गाडीच्या आयुष्याचा भाग आहे, म्हणून तो मुळीच खरवडू नये, असे म्हणणारे लोक मला भेटतात. आमच्या घरीही हेच झाले. आजोबांच्या हाताचा रंग म्हणून वडिलांनी फुगे आलेला पत्रा कधी उघडू दिला नाही, आणि १९८३ साली गाडी विकली तेव्हा पुढच्या आसनाखालून रस्ता दिसत होता. भावनेने गंज थांबत नाही, काका. पाना यांनी सांगितल्याप्रमाणे आधी खालचे काम करा, पण पत्रा उघडावाच लागला तर अर्धवट लाल ठेवू नका. निळी करा.

अर्धा_इंची_पाना:

ताईंशी मी निम्मा सहमत आहे. पत्रा चांगला निघाला तर? निव्वळ मूळ रंगाच्या हट्टापायी निरोगी गाडी सुटी करणे मला पटत नाही. एकदा सुटी केलेली गाडी पुन्हा जोडायला आपल्याकडे सरासरी किती वर्षे लागतात, हे गावोगावच्या गॅरेजांच्या मागच्या अंगणांत जाऊन पाहावे.

गोदाकाठ:

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण दरम्यान मी खरोखरच गाडीखाली होतो.

उजव्या ट्रनियनमध्ये वाळून दगड झालेले ग्रीस निघाले आणि दांड्याच्या शेवटच्या तीन आट्यांवर गंजाचे खड्डे होते. तीस वर्षे आटे पाडण्यात गेली असल्यामुळे ते दृश्य मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पहाटे सोमेश्वरला जाताना मी काय काय मोडेल याची मनात यादी करीत असे; त्या यादीत हे नव्हतेच. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन इंग्लंडहून मागवले. गाडी तिथून कधीच बंद झाली असली तरी तिथले हौशी लोक अजून सुटे भाग बनवून घेतात. बसवताना मी पुढच्या टायरवर बसलो होतो. अंग अवघडले, पण उठावेसे वाटले नाही.

चुंबकाने डाव्या सिलखाली (दाराखालच्या पट्टीखाली) आणि डिकीच्या तळाशी लांबी दाखवली. तेवढाच पत्रा कापून नवा जोडला. बाकीचा पत्रा ठणठणीत आहे, त्यामुळे तूर्त ती लालच राहील. नव्या पत्र्यावर मात्र आतून निळा रंग दिला आहे, जो मला आणि ताईंना सोडून कोणाला दिसणार नाही. नोंदणी साधीच ठेवली. व्हिंटेज नोंदणीचा मोह होता, पण किल्ली काढून घेणारी आणखी एक सबब मला नको होती.

गेल्या रविवारी आम्ही दोघे त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. जाताना अंजनेरीच्या अलीकडे तापमानाचा काटा वर सरकला, म्हणून झाडाखाली थांबलो, पंख्याचा पट्टा ढिला निघाला, तो ताणला. येताना पत्नीने चालवली. तिने तिसऱ्या गिअरमध्ये जेवढी आरामात चालवली तेवढी मला अजून जमलेली नाही. काट्यावर आता ४१२ किलोमीटर झाले आहेत. कसारा घाट रेडिएटर धुऊन आणल्यावर, बहुधा पहिल्या पावसानंतर.

एक अडचण उरली आहे. उजव्या दाराच्या काचेखालचे रबर कुजले असून आतल्या पत्र्यावर पाणी उतरते. दोन दारांच्या गाडीचे ते रबर कोणाकडे पडून असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या गाडीचे तिथे बसते हे कोणी करून पाहिले असेल, तर कृपया कळवावे.