प्रणयकादंबऱ्यांचं संपादन: ४० पानांची 'चाचणी' फुकट करून द्यायची का?

ऊनसावली
मी कोथरूडला राहते. सात-आठ वर्षं मुद्रितशोधन करतेय, बहुतेक पाठ्यपुस्तकं आणि दिवाळी अंक. गेल्या आठवड्यात प्रणयकादंबऱ्या काढणाऱ्या एका प्रकाशनाकडे फ्रीलान्स संपादनासाठी अर्ज केला. इंग्रजी कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद ई-बुक म्हणून काढतात. लगेच मेल आली: सोबतची ४० पानं तपासून तीन दिवसांत पाठवा, मग दराचं बोलू. फाइल उघडली तर प्रकरण ७ ते ९! चालू पुस्तकाचाच तुकडा दिसतोय. माझं मत, चाचणी चार-पाच पानांची असावी, सगळ्यांना एकच उतारा द्यावा. त्यापुढे पैसे.

प्रूफकाका
करून टाका हो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात आम्ही पुस्तकाचा पहिला फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा संच) फुकटच तपासून दाखवायचो. तिथूनच ओळखी झाल्या, घर चाललं. आणि प्रेमकथेत संपादन ते काय असणार? ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, काना-मात्रा बघायची, द्यायचं.

ऊनसावली
काका, फॉर्म १६ पानांचा. ही अडीच फॉर्म झाली. आणि ऱ्हस्व-दीर्घावर भागत नाही. अनुवादात वाक्य आहे, 'त्याचे डोळे काळे झाले.' मारामारी झाली की काय! नायकाचा एक हात तिच्या कमरेवर, दुसरा तिच्या केसांत, आणि तिसऱ्याने तो दार लावतोय. खरी गोम पुढे आहे. तो तिचा साहेब. इंग्रजीत दोघंही एकमेकांना 'यू'च म्हणतात, त्यामुळे मूळ लेखिकेला डोक्याला ताप नाही. मराठीत ती त्याला 'तुम्ही'वरून 'तू' कधी म्हणायला लागते, हे ठरवावं लागतं. अनुवादकाने ठरवलेलंच नाही. एका पानावर 'तुम्ही', पुढच्या पानावर भांडताना 'तू', आणि लगेच 'तुम्ही कॉफी घेणार का?' हे तपासायला अख्खं पुस्तक डोक्यात ठेवावं लागतं.

शिसपेन्सिल
मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून वाईटपणा घेते. चाचणी लागतेच. अर्जात सगळेच व्याकरणात पारंगत असतात, आणि त्याच अर्जात 'आणि'ची 'णि' दीर्घ असते. पाच पानांत माणूस जपून काम करतो, कस कळत नाही. लक्ष उडतं ते विसाव्या पानानंतर. तुम्हीच म्हणताय ना, तू-तुम्ही अख्ख्या पुस्तकात बघावं लागतं? मग पाच पानांत ते आम्हाला कसं दिसावं?

सदाशिवपेठी
मूळ प्रश्न वेगळाच आहे. असल्या कादंबऱ्यांवर आठ वर्षांचा अनुभव कशाला घालवायचा? उद्या गंभीर प्रकाशनात गेलात आणि आधी काय केलं विचारलं, तर सांगणार काय? लाल बदाम तपासले?

निळी शाई
सदाशिवपेठी, ना. सी. फडक्यांनी आयुष्यभर प्रेमाच्याच कादंबऱ्या लिहिल्या. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९६२ साली पद्मभूषण मिळालं. मिल्स अँड बून १९०८ साली लंडनला निघाली तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, तीसच्या दशकात प्रणयकथांकडे वळली ती खपतात म्हणून. खपणाऱ्या पुस्तकात चुका असलेल्या चालतात, असं कुणी सांगितलं?

सदाशिवपेठी
फडक्यांचं मराठी आणि 'डोळे काळे झाले' एका तागडीत? चालू द्या.

निळी शाई
अहो, म्हणूनच संपादक हवा ना!
बाकी ऊनसावली, तुमचा चालू पुस्तकाचा संशय खरा असू शकतो. माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी (हेच की दुसरं, माहीत नाही) प्रकरण ४ ते ६ आलं होतं, तिच्या ओळखीतल्या एकीला १ ते ३. काम दोघींनाही मिळालं नाही. पुस्तक मात्र निघालं.

शिसपेन्सिल
असं असेल तर ती चोरी आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण लांब चाचणीचं करेन. आम्ही जुन्या, छापून झालेल्या पुस्तकातली ३० पानं देतो आणि त्याचे पैसेही देतो. थोडे, पण देतो.

प्रूफकाका
पैसे देता? मग आमच्या वेळी कुठे होतात बाई!

ऊनसावली
काल कळवून टाकलं. पहिली पाच पानं तपासून पाठवली, उरलेल्या ३५ चा पानामागचा दर लिहिला, आणि हा उतारा येणाऱ्या पुस्तकातला आहे का, हेही सरळ विचारलं. उत्तर आलं, 'टीमशी बोलून कळवतो.' त्यानंतर शांतता.

प्रूफकाका
गेलं काम. असो. पण ती त्याला 'तू' म्हणते तरी कितव्या पानावर?

ऊनसावली
माझ्या हिशेबाने ३४. लिफ्ट बंद पडते तेव्हा. हे मात्र त्यांना कळवलेलं नाही.