मदत हवी आहे : ग्रामपंचायतीच्या खर्चाचा हिशोब मागायचाय, पण सरपंच माझीच जाऊ आहे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कसा मागणार?

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कुणी अंदाजही बांधू नये ही विनंती. माझी पिठाची गिरणी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून. मुलगी त्याच शाळेत सहावीला. जूनपासून ती मधल्या सुट्टीत पळत घरी यायला लागली, आणि डबा तसाच परत आणायची. मला वाटलं भाजी आवडत नसेल. एक दिवस जरा रागावूनच विचारलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, शाळेतल्या बाथरूमला कुलूप आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही." आम्ही म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुली. ज्यांचं घर लांब, त्या सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तशाच बसतात.

पुढची गोष्ट कळली ती माझ्या भाच्यामुळे. तो साताऱ्याला शिकतो. सुट्टीला आला होता, तेव्हा त्याने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडून दिलं. आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च तिथे कुणालाही बघता येतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून एक नोंद होती : शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती व पाण्याची सोय, १,८६,४०० रुपये. पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अदा झालेले. त्याखाली दुसरी नोंद, सौर पथदिवे, १२ नग.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून कुलूप उघडायला गेले. गंजलेलं होतं, गिरणीतलं तेल घालून अर्धा तास खटपट केली तेव्हा निघालं. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला ताजा गुलाबी रंग आहे, मागच्या भिंतीला जुना चुना तसाच. आत भांडं फुटलेलं. छतावर टाकी आहे, पण तिच्यातून खाली पाईपच उतरलेला नाही. कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं. दाराला आतून कडी नाही. मी सगळ्याचे फोटो काढले. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, आमची सही कशावरही घेतली नाही, काम कधी झालं तेही आम्हाला माहीत नाही."

त्याच रात्री लेकीला घेऊन दिवे मोजले. वरच्या आळीपासून स्मशानभूमीपर्यंत चालत गेलो. सात भरले. त्यातले दोन बंद.

मी माहितीचा अधिकार वापरायचा ठरवला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला : गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या कामांचा खर्च, सगळी बिलं, सगळे ठराव. उत्तर आलं की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, ती गोळा करण्यात कार्यालयाची यंत्रणा गुंतून पडेल, सबब देता येत नाही. उत्तर हातात पडून बारा दिवस झाले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतही मी उभी राहिले होते. "विषयपत्रिकेवर नाही" म्हणून बसवलं. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, कोऱ्या पानावर आधी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, मजकूर नंतर लिहिला जाणार होता. मी सही केली नाही, तर चार जणांनी वळून बघितलं.

आता खरी अडचण. सरपंचपद महिलांसाठी राखीव आहे, आणि सरपंच माझी चुलत जाऊ आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना घर सांभाळलेली बाई आहे ती. कारभार सगळा दीर बघतात. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, पण अक्काचं डोंगल, म्हणजे ती सही करायचं पेनड्राइव्हसारखं साधन, ग्रामपंचायतीच्या संगणक केंद्रचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतं. तिने ते एकदाच हातात घेतलंय, नोंदणीच्या दिवशी. हे तिनेच मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, तेव्हा मला डोंगल म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

सासरे (मी त्यांना मामा म्हणते) म्हणतात, गप बस, भावकीत वैर घेऊ नको. ते तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींची आठवण काढतात. माहितीचा अधिकार वापरून जमिनीचे घोटाळे बाहेर काढणाऱ्या त्या माणसाचा जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. मामांनी ती बातमी त्या वेळी वाचलेली, ती त्यांच्या मनातून जात नाही. यजमान माझ्या बाजूने आहेत, पण त्यांनाही काळजी वाटतेच.

मला कुणाला खुर्चीवरून उतरवायचं नाही. मला त्या मुलींसाठी पाणी आणि दाराला कडी हवी आहे, आणि आमच्या नावाने आलेला पैसा कुठे गेला ते समजायला हवं. माझे प्रश्न असे : अर्ज असा नाकारता येतो का? पुढे काय करू, अपील की नवा अर्ज? ग्रामसभेत बोलूच देत नसतील तर दुसरा मार्ग कोणता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौकशी लागली तर वसुली अक्कावर येईल का? तिला यातून वाचवता येईल असं काही आहे का?

---

प्रतिसाद : जमाखर्च

ताई, मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत एकोणतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरं उलट्या क्रमाने देतो, कारण शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

सही ती सही. डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये होतं, हे वसुलीच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही. रक्कम साधारणपणे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांवर निघते. गैरवर्तणूक सिद्ध झाली तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली पदही जाऊ शकतं. म्हणून अक्कांना आधी विश्वासात घ्या. त्यांनी आजच डोंगल स्वतःच्या ताब्यात घ्यावं. आणि सरपंच म्हणून त्यांनीच गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्यावं, की या दोन कामांबद्दल तक्रार आली आहे, फेरमोजणी करावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. त्याने जबाबदारी पुसली जात नाही, पण सत्य कळल्यावर कोण गप्प बसलं आणि कोणी लेखी कळवलं, हे कागदावर राहतं. मी पाहिलेल्या चौकश्यांमध्ये या एका कागदाने फार फरक पडलाय.

दुसरी गोष्ट, मोजमाप वही. तिच्यात नोंद झाल्याशिवाय कामाचं बिल निघत नाही, आणि ती नोंद सरपंच करत नाही, अभियंता करतो. टाकीतून पाईप उतरलेला नसताना पाईपचे मीटर कोणी लिहिले? पाच दिवे नसताना बारा कोणी मोजले? प्रश्न तिथून सुरू करा. मग तो एकट्या अक्कांचा राहत नाही.

आता अर्जाचं. तुमच्या अर्जात चूक झाली, ती सगळ्यांचीच पहिल्यांदा होते. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. पाच वर्षांचं सगळं मागितलं की त्यांना पळवाट मिळते. तरीसुद्धा त्यांचं उत्तर चुकीचंच आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(९) एवढंच सांगतं की मागितलेल्या स्वरूपात माहिती देणं जड जात असेल तर वेगळ्या स्वरूपात द्यावी. माहितीच नाकारा, असं त्यात कुठेही नाही. तेव्हा दोन्ही करा. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे. तुमच्याकडे अठरा दिवस उरलेत. आणि सोबत एकाच कामाचा नवा अर्ज टाका. त्यात झेरॉक्सबरोबर पाहणीही मागा. कलम २(ञ) मध्ये कागदपत्रांचीच नाही, प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही अधिकार आहे. तीस दिवसांत माहिती आली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते, आणि विनाकारण उशीर केल्याबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा दंड राज्य माहिती आयोग करतो, आणि तिथे दुसरं अपील पोचून सुनावणी व्हायला फार वेळ लागतो. त्यावर विसंबू नका.

प्रतिसाद : बांधावरची

ताई, ग्रामसभेत एकटीने उभं राहणं किती जड असतं ते मी सोसलंय. तुम्ही महिला सभेची वाट धरा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं कागदावरच व्हायची. आम्ही बचत गटाच्या सतरा जणींनी लेखी पत्र देऊन ती खरोखर घ्यायला लावली. तिथे शाळेच्या स्वच्छतागृहाचा ठराव करा, म्हणजे तो ग्रामसभेपुढे येतो आणि "विषयपत्रिकेवर नाही" म्हणता येत नाही. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची, अजून वेळ आहे.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. समितीने स्वच्छतागृहाची सद्यस्थिती लिहून मुख्याध्यापकांच्या सहीचा ठराव केला, तर ती तुमच्या एकटीची तक्रार उरत नाही. मामांची भीतीही त्यानेच कमी होईल. एकटं माणूस दिसलं की त्याच्यावर दबाव येतो, म्हणून प्रत्येक कागदावर निदान पाच-सहा सह्या असू द्या आणि प्रती गावाबाहेरच्या कुणाकडे तरी ठेवा.

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपटावरची नावं आणि कामांची बिलं लोकांपुढे मोठ्याने वाचली, आणि लोक उठून सांगायला लागले की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. माहितीचा कायदा तिथल्याच मागणीतून उभा राहिला. तुम्हीही बिल मिळालं की महिला सभेत फक्त वाचून दाखवा. पाईप इतके मीटर, भांडी इतकी, कडी-कोयंडे इतके. आरोप करू नका. शाळेत काय आहे ते प्रत्येकीला माहीत आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री अक्काला घरी बोलावलं, दीर तालुक्याला गेले होते. फोटो दाखवले. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, पोरी पाणीच पीत नाहीत? तिची नातही चौथीला आहे, तिलाही तिने कधी विचारलं नव्हतं. पत्राबद्दल सांगितलं तर म्हणाली, दोन दिवस दे. मी दिले आहेत. डोंगल मात्र ती आज सकाळी मागून घेऊन आली.

बचत गटातल्या अकरा जणी महिला सभेच्या पत्रावर सही करायला तयार आहेत. अपील लिहून झालंय, सोमवारी देते. नव्या अर्जाचा मसुदा खाली टाकतेय, जमाखर्च काका, एकदा नजर घालाल का?

"विषय : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून करण्यात आलेले जिल्हा परिषद शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती व पाण्याची सोय हे काम. या कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीतील नोंद, देयक व प्रमाणके, कामपूर्णत्वाचा दाखला आणि कामाचे फोटो यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच कलम २(ञ) नुसार सदर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी दिवस व वेळ कळवावी."

दिव्यांचा अर्ज वेगळा करते. यात मोजमाप लिहिणाऱ्या अभियंत्याचं नाव आणि पदनाम वेगळं मागावं लागेल, की वहीच्या प्रतीवर ते येतंच?