पैठणीचे बटवे ऑनलाइन: वाचक येतात, गिऱ्हाईक येत नाही

बटवेवाली

पैठणीच्या कापडाचे पोटली बटवे, क्लच आणि मोबाइल पाऊच शिवते. नाशिकलाच, घरून. मदतीला दोघीजणी आहेत. छोटी वेबसाइट आहे, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे. वेबसाइटवर ‘पोटली कशी शिवावी’, ‘जरीची निगा’, ‘पैठणीचे काठ ओळखा’ असे लेख टाकते आणि त्यांना वाचक बऱ्यापैकी येतात. ऑर्डर मात्र अजून ओळखीतूनच येते.

विचारायचं असं : जाहिरातीवर पैसे घालावेत का? ‘९९९ रुपयांत ५०० बॅकलिंक’वाले (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला लिंक विकणारे) सारखे मेसेज करतात, त्याचा काही उपयोग असतो का? मोठ्या पोर्टलवर जीएसटी नंबर नसताना विकता येतं का? ८ बाय ९ इंचाच्या पोटलीला ३९९ रुपये कुरिअरसकट लावलेत, ते परवडतात का हेही कुणीतरी आकडेमोड करून सांगा.

---

गोदाकाठ

‘पोटली कशी शिवावी’ शोधणारी बाई शिवणारी असते, ती बटवा विकत कशाला घेईल? म्हणजे लेख चांगला असला तरी तो तुमच्यासारख्याच कारागिरांना बोलावतोय. लेख काढू नका, राहू देत, पण त्यावर दुकान चालणार नाही.

घेणारी वेगळंच शोधते : हळदीकुंकवाचं वाण, मुंजीत बायकांना द्यायला काहीतरी, नवरीचा बटवा, डोहाळेजेवणाची रिटर्न गिफ्ट, ‘१०० रुपयांच्या आत वाण’. या प्रत्येकासाठी एक स्वतंत्र पान करा. पानावर पहिल्या दोन ओळींत माप, एका नगाचा दर, २५ नगांचा दर, ५० नगांचा दर, किती दिवसांत मिळेल आणि कोणकोणते रंग आहेत ते लिहा. बाकीचं वर्णन त्याखाली. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाक्य सगळीकडून पुसून टाका. दर दिसला नाही की दहातल्या नऊ जणी विचारत बसत नाहीत, पुढच्या पानावर जातात.

पानाचं शीर्षक साधारण ६० अक्षरांत बसवा, नाहीतर गूगल शेपूट कापतं. ‘माझी नवी निर्मिती’ असं शीर्षक कुणी शोधत नाही. ‘पैठणी पोटली बटवा, हळदीकुंकू वाणासाठी’ हे शोधतात. बऱ्याच जणी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यामुळे वर्णनात एकदा रोमन लिपीतही नाव येऊ द्या. फोटोच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा ठेवू नका, वस्तूचं आणि रंगाचं नाव द्या. ऑल्ट टेक्स्टमध्येही (फोटोला जोडलेलं लेखी वर्णन) तेच, सरळ वाक्यात.

सणाच्या पानाचं एक पथ्य आहे. संक्रांत ते रथसप्तमी वाण लुटलं जातं, पण घाऊक ऑर्डर डिसेंबरात ठरतात आणि नवं पान गूगलवर वर यायला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणजे पान ऑक्टोबरात तयार हवं. पानाच्या वेब पत्त्यात साल घालू नका आणि मोसम संपला म्हणून पान उडवू नका. दरवर्षी तोच पत्ता ठेवून दर आणि फोटो बदलले तर आधीची पुण्याई टिकते, नवं पान केलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पान गूगल शोधात किती दिसलं, किती क्लिक झालं ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडून घ्या. पान शोधात दिसतंय पण क्लिक होत नाही, तर शीर्षकात खोट आहे. क्लिक होतंय पण चौकशी येत नाही, तर दर, फोटो किंवा पोचायचे दिवस यांतलं काहीतरी अडतंय. ऑर्डरचं बटण दाबून मधेच सोडून जात असतील तर बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेला कुरिअर खर्च कारण असतो.

बॅकलिंकवाल्यांना ब्लॉक करा. विकतच्या लिंक गूगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतात. त्यांचा पत्ता लागला की गूगल त्या मोजत नाही, आणि प्रकरण वाढलं तर साइटच मागे पडते. त्यापेक्षा मेंदीवाली, मेकअपवाली, मंगल कार्यालय, साडीचं दुकान यांच्या साइटवरची एक खरी लिंक कधीही चांगली. तीतून लग्नघरचं गिऱ्हाईकही येतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल मात्र आजच करा. घरचा पत्ता लपवून ‘सेवा क्षेत्र’ म्हणून नाशिक, सिन्नर, ओझर असं टाकता येतं. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्त्यावरची पाटी, घराचं दार, शिलाई मशीन आणि तयार माल सलग दिसला पाहिजे, तुकडे जोडलेले चालत नाहीत.

---

येवल्याचा_माग

मार्केटिंगच्या आधी एक सांगतो. तुमचं कापड हातमागाचं आहे की सेमी, म्हणजे यंत्रमागाचं? कारण ‘पैठणी’ला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते साड्या व कापड दोन्हींना आहे. यंत्रमागाच्या कापडाला नुसतं ‘पैठणी’ म्हणून विकू नका. ‘सेमी पैठणी कापड’ असं शीर्षकातच लिहा. जाणकार बाई बटवा हातात आल्याबरोबर आत बोट घालून उलटी बाजू बघते. हातमागाच्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा शेजारच्या बाण्यात अडकवून तिथूनच परत फिरवलेला असतो. यंत्रमागावर मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. अस्तर लावून ते झाकलं तरी गिऱ्हाइकाला कळतं, आणि मग ती परत पाठवते, शिवाय रिव्ह्यूत एकच तारा देते.

अस्सल तुकडे हवे असतील तर जुन्या साड्या कापणं हा एक मार्ग आहे. घडीच्या रेषेवर जर आणि रेशीम दोन्ही कुजलेलं असतं, तिथून तुकडा घेऊ नका. मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावताना वर सुती फडकं ठेवा आणि इस्त्री रेशमाच्या खुणेवरच ठेवा, वाफ नको. जास्त तापली की बुट्टी चपटी होते आणि जर काळपट दिसते.

नव्या कापडाचा हिशेब सांगतो. ४४ इंच पन्हा, एक मीटर लांबी. पोटलीचा कट ९ बाय ११ इंच धरला तर १६ तुकडे, म्हणजे ८ पोटल्या निघतात. पण काठ फक्त दोन्ही कडांना असतो. प्रत्येक कडेला ९ इंचाचे ४ तुकडे बसतात, म्हणजे काठाचे एकूण ८ तुकडे. पुढे काठ आणि मागे साधं केलं तर ८ पोटल्या, दोन्ही बाजूंना काठ हवा असेल तर फक्त ४, आणि उरलेल्या साध्या कापडाचे पाऊच करा. ‘दोन्ही बाजूंना काठ’ हा वेगळा, महाग नग म्हणून ठेवा. सगळ्या त्याच दरात देऊ नका.

---

हिशेबनीस

३९९ चा हिशेब. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा. कापड ५०, अस्तर १२, फ्युजिंग १०, दोरी आणि लटकन २०, ४० मिनिटांची मजुरी ताशी ९० प्रमाणे ६०, खोकं आणि लेबल १२. झाले १६४. अर्ध्या किलोचं कुरिअर ७० धरा. पेमेंट गेटवे २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १० च्या आत. एकूण २४४. हातात १५५ राहतात. आता दहा कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलांतलं एक परत आलं तर जाण्या-येण्याचे १४० तुमच्या खिशातून जातात आणि ते उरलेल्या नऊ पार्सलांवर पडतात, नगाला साधारण १६. म्हणजे खरे १३९. परवडतं, पण याच पैशांतून जाहिरात करायची असेल तर एका ऑर्डरमागे ५० च्या वर खर्च जाऊ देऊ नका.

बहुतेक जणी आपली मजुरीच धरत नाहीत आणि मग ‘नफा चांगला आहे’ म्हणतात. मदतनीस वाढल्या की हे बिंग फुटतं.

आता जीएसटी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्वतःच्या साइटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवला तर एरवी पहिल्या रुपयापासून लागते, पण हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. त्यासाठी पॅन हवा आणि ई-वे बिल (माल पाठवतानाचं ऑनलाइन कागदपत्र) काढायला हवं, तेही माल कितीही स्वस्त असला तरी. ५० हजारांची मर्यादा इथे लागू नाही, आणि नेमकं हेच लोक विसरतात. शिवाय वस्तू या सवलतीच्या सरकारी अधिसूचनेतल्या यादीत हवी आणि मुख्यतः हाताने केलेली, नक्षीकाम असलेली हवी. यादीत कापडी पर्स-पाऊच आहेत, पण मशीनवर शिवलेला साधा बटवा ‘मुख्यतः हाताचा’ ठरेल का, हे सीएला वस्तू दाखवून ठरवा.

मोठ्या पोर्टलचं वेगळं. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त आपल्याच राज्यात विकणार असाल आणि उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर पोर्टलवरही नोंदणीशिवाय विकता येतं. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. मीशोवर तो चालतो. पोर्टलवरून पुणे-मुंबई सोडून बेंगळुरूला विकायचं तर जीएसटी नंबर घ्याच. वरची २० लाखांची हस्तकला सूट तिथे कामाला येत नाही. घरच्या पत्त्यावर नोंदणी होते, त्यासाठी लाइट बिल लागतं, आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतिपत्रही.

---

खिडकीतला_उजेड

फोटोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पैठणी धूपछाव असते, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. त्यामुळे समोरून जांभळी दिसणारी पोटली तिरकी केली की राणी रंगाची होते. एकच फोटो टाकलात तर ‘रंग वेगळा आला’ म्हणून परत येणारच. दोन कोनांतून दोन फोटो आणि हातात फिरवत १० सेकंदांचा व्हिडिओ टाका, वर्णनात दोन्ही रंग लिहा.

उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. काचेवर बटर पेपर चिकटवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. घरातला पिवळा दिवा बंद. फ्लॅशने जर पांढरी फट्ट येते आणि नक्षी हरवते. मोबाइलवर जरीवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा. अ‍ॅमेझॉनला पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर, वस्तू ८५ टक्के चौकट भरेल असा आणि झूम चालावं म्हणून किमान १००० पिक्सेलचा लागतो. मापासाठी पट्टीपेक्षा आत अर्धा गेलेला मोबाइल दाखवा. ‘माझा फोन मावतो का’ हाच पहिला प्रश्न असतो.

---

बटवेवाली

सगळ्यांचे आभार. कापड सेमीच आहे, शीर्षकं आज बदलते. अजून दोन गोष्टी : व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करते पण निम्म्या जणींना पोचतच नाही, असं का? आणि कुरिअरवाला अर्ध्या किलोचं सांगून एक किलोचं बिल लावतो. पोटली तर जेमतेम ८० ग्रॅमची.

---

खोकेबहाद्दर

ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका लिस्टमध्ये २५६ च्या वर जमत नाहीत. म्हणून प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घाला : नंबर सेव्ह करा, नवे रंग आधी कळतील, सोबत क्यूआर. सोसायटीच्या ग्रुपांवर न विचारता मारा करू नका, चारजणींनी रिपोर्ट केलं तर खातं अडकतं.

कुरिअरचं बिल वजनावर नाही, आकारावर लागतंय. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. तुमचं खोकं बहुधा ९ × ७ × ४ इंच आहे, म्हणजे २३ × १८ × १० सेंटीमीटर. येतात ०.८३ किलो आणि बिल लागतं एक किलोचं. उंची २ इंच केली की ०.४१ किलो होतं, अर्ध्या किलोत बसतं. पोटली चपटी पडू द्या, लटकन वेगळं कागदात गुंडाळा, नाहीतर जरीत अडकून धागा ओढतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, दमटपणाने जर काळवंडते. मलमल किंवा बटर पेपर, आणि मग खोकं. तीन पदरी खोकी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मापाप्रमाणे करून मिळतात, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते आधी विचारा. खोकं बंद करण्याआधी त्याचा वजनकाट्यावरचा आणि मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा. वाद घालायला कुरिअर पोर्टलवर तोच मागतात, आणि मुदत थोड्या दिवसांचीच असते.

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करू नका, पण आधी ५० रुपये यूपीआयने घ्या, बाकी दारात. उगाच मागवणाऱ्या तिथेच गळतात. आणि ‘लष्करातून बोलतोय, १०० बटवे हवेत, पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

---

गोदाकाठ

जाहिरातीचं राहिलं होतं. इन्स्टाग्राम पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबू नका, त्याने बहुतेक लाइकच येतात. अ‍ॅड्स मॅनेजरमधून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज’ हे उद्दिष्ट निवडा, ठिकाण नाशिक, पुणे, ठाणे, आणि जाहिरातीच्या चित्रावरच २५ नगांचा दर छापा. फक्त भाव विचारून पळणाऱ्या कमी होतील. आधी वाणाचं पान नीट करा, मग नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू करा. परदेशी विकायचं असेल तर आयईसी (आयात-निर्यातीचा) नंबर ५०० रुपयांत निघतो आणि टपालाच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सल जातं, पण अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली आहे. तिथला दर लावताना ती ड्युटी कोण भरणार हे पानावर आधीच लिहा.