मदत हवी आहे: पुढचा एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) पूर्ण बदलू की नुसता त्याच्या टोकाचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरवत ठेवणारा सांधा)?
मंडळी, गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 92 हजार किमी झालेत. परवा चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात फुल स्टिअरिंग मारलं की पुढून डावीकडे कट कट कट आवाज यायला लागला, सरळ रस्त्यावर काहीच नाही. घरी येऊन चाक वळवून टॉर्च मारली तर बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटवरचा रबर बूट (ग्रीस आत धरून ठेवणारं कव्हर) चिरलेला आणि रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं, बोटावर घेऊन चोळलं तर वाळूसारखं खरखरीत लागतंय. म्हणजे माती आत गेलीये, आता नुसता बूट बदलून भागेल असं मला तरी वाटत नाही.

एक मेकॅनिक म्हणतो पूर्ण एक्सल टाका, दुसरा म्हणतो फक्त बाहेरचा जॉइंट बदलू. पिकअप घेताना गाडी थरथरत नाही, म्हणजे आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट ठीक असावा ना? आणि एक्सल काढला की गिअर ऑइल सांडणारच, मग ऑइल सील आणि हब नट (चाकाकडे एक्सल घट्ट धरणारा नट) त्याच वेळी नवीन टाकून घेऊ का? रिबिल्ट (जुनाच दुरुस्त केलेला) एक्सल कोणी वापरलाय का, किती टिकला?

शनिवारी आईला तपासणीसाठी पुण्याला न्यायचंय, जॉइंट वाटेत तुटला तर गाडी जागेवरच उभी राहील, त्यामुळे खूप काळजी लागलीये. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा.